खूण क्रमांक ४१७

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजपासून कुवेतमधल्या अहमदीच्या साइटवर. काम भोंग्याच्या मनोऱ्याच्या दुरुस्तीचं. दुरुस्ती म्हणायचं नाही, संवर्धन म्हणायचं, असं राजनने सकाळपासून तीनदा बजावलं. राजन आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. नाशिकचा, पंचेचाळिशीचा, कानाला कायम फोन.

मनोरा साठ फूट उंच, विटांचा, वर चुन्याचा गिलावा. तेल कंपनीने हे गाव वसवलं तेव्हा यावरच्या भोंग्यावर माणसं कामाला जायची आणि परत यायची. भोंगा कधीच काढून नेला. खाली एक गोल खोली, तिच्या भिंतीत चार कोनाडे, सगळे सारखे. आता सरकारी खात्याला मनोरा मूळ रूपात हवा आहे. मूळ रूप कसं होतं ते खात्याला माहीत नाही. ते आम्ही शोधायचं आणि खात्याने मंजूर करायचं.

माझ्याकडे कागदपत्रं. एकसष्टाव्या वर्षी ही माझी पाचवी कंपनी. इतिहास घेऊन बी.ए. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. त्या पदवीचा नोकरीत उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

पहिल्याच बैठकीत मी नियम मांडला. मनोऱ्यावर जे दिसेल त्याला क्रमांक द्यायचा, मग तो तडा असो, खिळा असो की डाग. एकदा क्रमांक पडला की माझ्या लेखी परवानगीशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. राजन म्हणाला, "ताई, एवढं कशाला?" लोक असं म्हणतात म्हणूनच एवढं करावं लागतं.

मुकादम मुनव्वर म्हणून आहेत, दाभोळकडचे. चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुवेतमध्ये नाही म्हणतात. बोलतात कमी. ऐकतात त्याहून कमी, असं पहिलं मत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सुट्टी असूनही साइटवर जाऊन आले. उद्या काम सुरू होणार आणि त्याआधी काहीच न करणं मनाला पटेना. साइटवर कोणताही धार्मिक विधी करायचा नाही, हे कंत्राटातलं कलम चौदा. मीच टाईप केलं आणि सगळ्या कामगारांना मीच वाचून दाखवलं. मी विधी केला नाही. नारळ फोडला आणि भिंतीला हळदीची पाच बोटं ओढली. कामाची शिस्तीत सुरुवात, एवढंच.

मुनव्वर हत्यारं लावायला आले होते. नारळ बघून म्हणाले, "बाई, द्या हिकडं, मी फोडतो. तुमच्या हाताला लागल." त्यांनी दाराबाहेर हातोडीच्या एका टोल्यात फोडला. आत वीज नव्हती, बॅटरी त्यांनीच धरली. पूर्वेचा कोनाडा बघून हळद लावली. ते मध्येच म्हणाले, "बाई, पूर्व तिकडं..." मी म्हटलं, मला दिशा कळतात. त्यांनी बॅटरी मी म्हटलं तिकडे वळवली.

कुंकवाची डबी हे गेल्यापासून मी जवळ ठेवत नाही. हळदीला कुणाची हरकत नसते.

खोबरं मुनव्वरनी अर्धं नेलं. चटणीला चांगलं आहे म्हणाले.

२० ऑक्टोबर, रविवार

खालच्या खोलीचा जुना गिलावा भुसभुशीत झाला आहे. तो घट्ट व्हावा म्हणून त्यावर चुन्याची निवळी मारायची. चुना पाण्यात कालवून, खाली बसू देऊन, वरचं स्वच्छ पाणी फवारायचं. रोज दोनदा, सहा आठवडे. तोवर चारही कोनाड्यांवर ओलं कापड बांधून ठेवायचं. मुनव्वर हे काम बाळाला न्हाऊ घालावं तसं करतात. एरवी चप्पल कुठे काढावी हेही त्यांना सांगावं लागतं.

त्यांना मार्चमध्ये साठ पूर्ण होतात. साठीनंतर पदवी नसलेल्या माणसाला ठेवायचं तर फाइल स्वच्छ हवी आणि प्रोजेक्ट मॅनेजरची शिफारस हवी, असा आमच्या कंपनीचा नियम आहे. नसेल तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की घरी. मला तो नियम योग्य वाटतो. शिक्षणाला काही किंमत हवी.

चहाच्या वेळी ते म्हणाले, "मना एकच वरीस पायजे, बाई. अफ्रीनचा शेवटचा वरीस हाय." अफ्रीन त्यांची धाकटी मुलगी, रत्नागिरीला फार्मसी करते. मी सांगितलं, फाइल स्वच्छ ठेवा, बाकी आपोआप होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तीनशेवा क्रमांक पडला. कबुतराच्या घरट्याला. राजन हसला. खात्याने मात्र घरट्यावर खुलासा मागवला आहे.

८ डिसेंबर, रविवार

कोनाड्यांवरची कापडं आज काढली. नकाशात उत्तर लिहिलेल्या कोनाड्यात भिंतीवर पाच रेषा निघाल्या, वरून खाली ओढलेल्या, गडद तांबड्या. इंग्रजी बोलणारे आमचे सल्लागार डॉ. आशय गुडघ्यांवरच बसले.

हा आशय मुळात इथलाच. वडील मीना अल-अहमदीला रिफायनरीत होते, हा इथल्या शाळेत शिकला, मग परदेशात जाऊन वारशाचा डॉक्टर झाला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. मी विचारलं, "काय असेल हे?" तो कुजबुजला. अर्थ असा की बाई, हळू बोला, आपण इतिहासासमोर उभे आहोत.

मी नकाशातल्या पूर्वेच्या कोनाड्यात डोकावून आले. तिथे काहीच नव्हतं. माझी हळद निवळीने धुऊन गेली असणार. बरंच झालं. आपल्या पिवळ्या बोटांना क्रमांक द्यायची वेळ आली असती तर पंचाईत होती.

तांबड्या खुणेला क्रमांक दिला, ४१७. मुनव्वर दारात उभे राहून खोकत होते. म्हणाले, "बाई, जरा तुमचा हात लावून बगा तिथं." मी त्यांना नियम पुन्हा समजावून सांगितला. क्रमांक पडलेल्या खुणेला हात लावायचा नाही. दोन महिने झाले तरी साधी गोष्ट लक्षात राहत नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

आशयचा अहवाल आला. चाळीस पानं. तांबडी माती वापरून ओढलेल्या या पाच रेषा म्हणजे मनोरा बांधणाऱ्या पहिल्या कामगारांची हजेरी असावी. एक रेषा म्हणजे एक पाळी. 'असावी' हा शब्द पहिल्या दहा पानांत सापडतो, नंतर गळून पडतो.

रंगाची तपासणी का केली नाही, असं मी विचारलं. नमुना खरवडायला परवानगी नाही, कारण खूण मौल्यवान आहे. ती मौल्यवान आहे हे कशावरून, तर तिचा नमुनासुद्धा घेऊ देत नाहीत यावरून. कागदावर मात्र सगळं व्यवस्थित आहे. मी शिक्का मारला.

पान तेवीसवर रेषा ओढणाऱ्याविषयी लिहिलं आहे. लहान चणीचा, उजव्या हाताने काम करणारा, घाईत असलेला पुरुष, कामाच्या शिस्तीची सवय नसलेला. हे मात्र पटलं. शिस्त असती तर रेषा सरळ आल्या असत्या.

अहवालाचा परिणाम असा की मनोऱ्याची श्रेणी एका पायरीने वर गेली. खुणेसमोर काचेची पेटी आणि आत छोटा दिवा बसवायचा हुकूम आला. राजनने सगळ्यांना कुनाफा, इथली चीजची मिठाई, आणला. मुनव्वरनी खाल्ला नाही. दात दुखतो म्हणाले.

५ जानेवारी २०२५, रविवार

अनर्थ.

उद्या खात्याच्या इंजिनिअर लुबना पहिल्यांदाच खूण बघायला येणार. म्हणून आज साडेसहालाच साइटवर पोचले. आत बघते तर मुनव्वर उत्तरेच्या कोनाड्यासमोर, हातात ओला स्पंज. पाचांपैकी दोन रेषा पार गेलेल्या, तिसरी अर्धी.

"हे काय करताय?"

"कायनी, बाई. डाग व्हता."

"तो डाग नाही! चारशे सतरा आहे तो!"

"जाऊ द्या ना. कुणी बगायच्या आत पुसायचाच व्हता."

"कुणाला विचारून?"

त्यांनी स्पंज बादलीत पिळला. मग म्हणाले, "तुमाला इचारून कसा पुसनार?"

इतका उद्धटपणा मी पाच कंपन्यांत पाहिला नाही. आशयला कळवल्यावर तो आला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. राजनने दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणजे फोन पहिल्यांदाच खाली ठेवला. लुबनाची भेट पुढे ढकलली.

६ जानेवारी, सोमवार

मुनव्वरना ताकीदपत्र दिलं. मजकूर मीच लिहिला: 'नोंदवलेल्या ऐतिहासिक खुणेचे हेतुपुरस्सर नुकसान.' हेतुपुरस्सर हा शब्द राजनला जड वाटला. मी ठेवला. त्यांनी स्वतः सांगितलं की पुसायचंच होतं.

सही करताना पत्र वाचलंही नाही. विचारलं, "अक्षर तुमचाच ना?" हो म्हटलं. "मग बरोबरच असल," म्हणाले आणि सही केली. मराठीत, शाळेतल्यासारखी एकेक अक्षर सुटं. कुठेतरी बरं वाटलं नाही. झोप कमी झाल्याचा परिणाम असावा.

१२ जानेवारी, रविवार

राजनने सांगितलं, मुनव्वरची शिफारस आता शक्य नाही. मार्चमध्ये जातील. "चांगला माणूस होता हो, ताई," म्हणाला. जिवंत माणसाविषयी असं बोलू नये, असं मी त्याला सुनावलं.

मुनव्वर कामाला रोज वेळेवर. जिन्याचा गिलावा काचेसारखा गुळगुळीत केला आहे. माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे न बघता. बायको रुकय्या आजारी आहे असं कामावरच्या मुलांच्या बोलण्यातून कळलं. मी विचारलं तर "बरी हाय" म्हणाले.

२४ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. आमटी ढवळताना पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर सांडली. मोरीत नेऊन साबण लावला.

डाग तांबडा झाला.

चाळीस वर्षं हळदीचे डाग धुते आहे. साबण लागला की पिवळ्याचं तांबडं होतं, हे पोरवयापासून माहीत आहे. साबणाने होतं तसं चुन्यानेही होतं. कुंकू तरी दुसरं कशाचं करतात? हळद आणि चुना.

नळ तसाच वाहत राहिला. नंतर बंद केला.

२६ जानेवारी, रविवार

सहाला साइटवर पोचले. मुनव्वर खोलीत एकटेच होते. विचारलं, "मुनव्वरभाई, पूर्व कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. दसऱ्याच्या अंधारात मी पूर्व धरली होती त्याच्या बरोबर उजव्या हाताला. "दिवसातून पाच वेळा काबा कुठं ते बगावा लागतो, बाई. बाकीच्या दिशा त्याच्यावरनं कळतात."

"म्हणजे माझी हळद उत्तरेच्या कोनाड्यात."

"व्हय."

"आणि निवळी मारल्यावर ती तांबडी झाली."

"दुसऱ्याच दिवशी. मी कापड बदलाय गेलो, बगितला. म्हटला, बाईंना कळल आपोआप." मग म्हणाले, "कळला नाय."

सांगितलं का नाही, असं मी विचारलं. आवाज माझाच चढला होता, का ते कळत नाही.

"कुणाला सांगू? सायबाला सांगितला असता तर तुमाला काढला असता. कलम चौदा. तुमीच वाचून दाखवला व्हता आमाला."

"मग मला सांगायचं!"

"हात लावून बगा म्हटला ना? तुमी नियम सांगितला."

"आणि तुम्हाला काढलं त्याचं काय?"

"मना काय, तसाबी साठ झालीच." मग थापी उचलून म्हणाले, "पुसून टाकला असता तर कुणालाच काय झाला नसता. तुमी त्या दिवशी लवकर आला, बाई. नेमकी त्याच दिवशी."

मी रोजच लवकर येते. त्या दिवशी पंधरा मिनिटं आणखी लवकर.

दहाला राजनच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावलं. "श्यामलाताई, तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही."

"मी आत्ताच सांगितलं."

"ताई, श्रेणी वाढलीय. पेटी येतेय. उद्घाटनाला मोठी माणसं येणारेत. निमंत्रणपत्रिकेवर त्या पाच रेषांचं चित्र आहे, सोनेरी! आणि तुम्ही म्हणताय की ती तुमची हळद?"

"घरातली नाही, फहाहीलच्या बाजारातून आणलेली."

त्याला हसू आलं नाही. मीही विनोद केला नव्हता.

"मुनव्वरचं काय?" मी विचारलं.

"मुनव्वरला मी घरी पाठवताना छान घड्याळ देईन."

२९ जानेवारी, बुधवार

लेखी निवेदन केलं. खूण क्रमांक ४१७ ही मी दसऱ्याच्या दिवशी केली, मुनव्वर यांचा दोष नाही, ताकीदपत्र मागे घ्यावं. राजन नोंदवून घेईना. नोंदवही माझ्याकडेच असते, मी नोंदवलं, क्रमांक घातला आणि खात्याला, सल्लागाराला प्रती पाठवल्या. क्रमांक पडलेला कागद कुणाला फाडता येत नाही. याचा त्रास आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला झाला.

दुपारी आशयचं उत्तर आलं. अत्यंत सभ्य. माझ्या निवेदनाचं त्याने स्वागत केलं आहे. जुन्या खुणेशी आजच्या लोकांचं भावनिक नातं कसं जुळतं, याचा तो मौल्यवान पुरावा असून अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडला जाईल. 'माहितीदार: एक वृद्ध स्थानिक महिला.'

वृद्ध!

फोन केला. "आशय, तुझ्या आईने तुला कधी हळद लावली नाही? मुंजीत, लग्नात?"

"मुंज इज... लाइक, आय वॉज एट, आंटी."

"मग आईला विचार. हळदीला चुना लावला की काय होतं ते विचार."

तो म्हणाला, शी इज नॉट अ स्पेशालिस्ट.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लुबना आल्या. पस्तिशीच्या, घाईच्या, बोलणं नेमकं. त्यांच्या हातात माझं निवेदन होतं, दोन ठिकाणी खूण केलेलं. म्हणजे वाचलं होतं. या प्रकल्पात एखादा कागद शेवटपर्यंत वाचलेला मी प्रथमच पाहिला.

खोलीत आम्ही पाच जण. लुबना, राजन, आशय, मी आणि भिंतीशी मुनव्वर. मी त्यांना एका फरशीवर ओला चुना पसरायला सांगितलं. पर्समधून डबी काढली, हळद पाण्यात कालवली, पाच बोटं ओढली. बघता बघता पिवळ्याचं केशरी झालं आणि केशरीचं तांबडं.

 आशय फरशीच्या इतक्या जवळ गेला की नाकाला चुना लागला. मग सरळ होऊन म्हणाला की यावरून फक्त तसं असू शकतं एवढंच सिद्ध होतं, तसंच आहे असं सिद्ध होत नाही.

तेव्हा मी कोनाड्याकडे गेले आणि क्रमांक पडलेल्या खुणेवर हात ठेवला. उरलेल्या अडीच रेषांवर माझी बोटं बरोबर बसली. करंगळी पहिल्यापासून जरा वाकडी आहे, रेषाही तिथेच वाकते. पान तेवीसवर त्या वाकण्याचं कारण 'घाई' दिलं आहे.

लुबनांनी इंग्रजीत विचारलं, "मिसेस श्यामला, हे डिसेंबरमध्येच का नाही सांगितलंत?"

"मला माहीत नव्हतं."

"तुमचा हात तुम्हाला ओळखता आला नाही?"

यावर माझ्याकडे कागद नव्हता. मी म्हटलं, "नाही."

त्या मुनव्वरकडे वळल्या. "आणि तुम्हाला माहीत होतं?"

मुनव्वर हिंदीत म्हणाले, "मैडम, मैं तो चूने का आदमी हूँ."

ताकीदपत्राची प्रत मी बाहेर काढली. म्हटलं, हे मी लिहिलं आणि हे चुकीचं आहे. कंत्राटाचं कलम सात सांगतं की कामाच्या काळात भिंतीवर पडलेला नवा डाग ओल्या स्पंजाने ताबडतोब काढावा. मुनव्वरनी तो ओल्या स्पंजाने काढला. ताबडतोब काढला नाही, हा त्यांचा दोष मानता येईल. पण चार महिन्यांत या मनोऱ्यावर कलमाप्रमाणे झालेलं काम बघायला गेलं तर तेवढं एकच आहे.

राजन छताकडे बघत होता. लुबनांनी ओठ मिटून घेतले. हसू दाबत असाव्यात, खात्री नाही. ताकीदपत्रावर आडवी रेघ मारून त्यांनी सही केली. मग म्हणाल्या, "कलम सात. उरलेलं पण पुसा."

मुनव्वर जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "लेखी देता काय, बाई?"

दिलं. तिथेच उभ्याउभ्या, पर्सवर कागद ठेवून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कलम चौदाच्या भंगाबद्दल मला साइटवरून काढलं. कंत्राट संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेर, कुवेत सिटीच्या ऑफिसात जुन्या फायली लावायच्या. नंतर पुणे. पत्र राजनने लिहिलं आणि मला वाचून दाखवताना दोनदा अडखळला. मी म्हटलं, वाच, कलम मीच टाईप केलेलं आहे, टायपिंगची चूक नाही त्यात. पत्रात दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून परत टाईप करून दिलं.

मुनव्वरची फाइल स्वच्छ झाली. पण राजन म्हणतो, शिफारस कशासाठी करू? काम या महिन्यात संपतंय, चुन्याच्या माणसाला पुढे जागाच नाही. म्हणजे मार्चमध्ये जाणार ते जाणारच. माझी नोकरी गेली आणि त्यांना वर्ष मिळालं नाही. हिशेब कुठे चुकला ते शोधते आहे.

त्यांना हे मीच सांगितलं. म्हणाले, "फायल साफ झाली ना? मग झाला. घरी जाताना कागुद बरा असावा." अफ्रीनला काय सांगणार, हे विचारायचं धैर्य झालं नाही. हा शब्द स्वतःविषयी पहिल्यांदाच लिहिते आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मनोऱ्याचं उद्घाटन झालं. मला निमंत्रण नव्हतं, पण पत्रिका बघायला मिळाली. पाच सोनेरी रेषा, जशाच्या तशा. छापून झाल्या होत्या.

संध्याकाळी मुनव्वरचा फोन आला. मागे माणसांचा गलबला आणि कुठेतरी बॅन्ड.

"बाई, पेटी बसवली. दिवा पन लावलाय."

"कशावर? खूण तर पुसली."

"भिंतीवर. पेटी कंत्राटात हाय, ती काढाय सहा महिने लागतात म्हणं. मंग लावूनच टाकली. आशय सायबांनी खाली पाटी लावलीय. अरबी, इंग्रजी, दोनी. एकानं वाचून दाखवली मना. 'हितं जा काय दिसत नाय त्याचा सन्मान,' असा कायतरी."

"आणि लोक?"

"फोटू काढतात. रांग हाय."

 मग म्हणाले, "बाई, दुसरी खबर देयाला फोन केला. माझा झाला."

"काय झालं?"

"वरीस. लुबना मॅडमनी खात्याकडनं कागुद काढला. कंत्राटात पेटीची देखभाल हाय, एक वरीस, आनि तिला माणूस चुन्यातला पायजे, म्हंजे भिंतीला धक्का नाय लागणार. राजन सायबांनी शिफारस दिली. इकामा पुढं गेला. अफ्रीनला आत्ताच सांगितला, रडाय लागली येडी."

 फायली मांडीवरून घसरल्या, त्या तशाच पडू दिल्या. विचारलं, "काम काय करायचं पण?"

"काच पुसायची. रोज सकाळी. वल्या स्पंजानं."

"लेखी घेतलंत ना?"

"घेतला तर काय. शिक्का हाय त्याच्यावर."